ग्रह धरत नाहीत

माझ्या मामाच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर एक मानचिन्ह आहे. लाकडी फळी, तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर कोरलेला एक टपोरा तारा आणि खाली मामाच्या प्रामाणिकपणाबद्दल चार ओळी. त्या ओळी कित्येक वर्षांत कुणी वाचलेल्या नाहीत. सकाळी दुकान उघडलं की मामा अंगातला कोट काढतो आणि थेट त्या मानचिन्हावर अडकवतो. भर उन्हाळ्यातही तो कोट घालून येतो. एवढ्या उकाड्यात कोट कशाला, असं विचारलं तर म्हणतो, "खिसे लागतात." त्या खिशांत रुमालाशिवाय कधी काही सापडलेलं नाही.

हा मामाचा विनय आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. आमच्या लोकांत विनयाचं भारी कौतुक. स्वतःची स्तुती ऐकताना मान खाली घातली की माणूस आणखी थोर ठरतो, मग त्याची आणखी स्तुती होते. मामाची मान मात्र विनयाने खाली गेलेली नव्हती. ती का गेली होती ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही जिन्यात उभी होते म्हणून.

आम्ही यहुदी. गावात मोजकी घरं आणि एक सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनागृह, तेही एका गॅरेजच्या आणि दोन उंच इमारतींच्या मध्ये दाटीवाटीने बसलेलं. आमचा विश्रांतीचा दिवस म्हणजे शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. तोवर विस्तव नाही, धंदा नाही, प्रवास नाही. आता शब्बाथ सुटायच्या वेळा छापून येतात आणि बहुतेक ठिकाणी त्या बघूनच काम चालतं. आमच्या म्हाताऱ्यांचा छापील कागदावर विश्वास नव्हता. "कागदाला डोळे असतात का?" म्हणायचे. डोळे मामाला होते. त्याची नजर इतकी तेज की सगळे त्याला दुर्बीणच म्हणत. शनिवारी संध्याकाळी दुर्बीण सिनेगॉगच्या गच्चीवर जायचा, खाली मंडळी ताटकळत बसायची, आणि वरून "दिसले!" अशी हाक आली की जिन्यात शब्बाथ सोडायची पिळाची मेणबत्ती घेऊन उभी असलेली मी काडी ओढायचे. शब्बाथ संपायचा, आणि भुकेलेली माणसं एकदम प्रेमळ व्हायची.

मामाचे नियम कडक होते. आकाशभर नजर फिरवून तारा हुडकायचा नाही, तो आपण होऊन दिसला पाहिजे. आणि ग्रह धरायचे नाहीत. पश्चिमेला एखादा झगझगीत ठिपका सगळ्यांच्या आधी उगवून बसलेला असायचा. मी "एक!" म्हटलं की मामा म्हणायचा, "तो ग्रह आहे. चमकला म्हणून काय झालं? त्याला मत नाही."

ज्योतिषाचं तर त्याच्यासमोर नाव काढायची सोय नव्हती. "काय मेली साडेसाती लागलीय," असं आई एकदा सहज बोलून गेली तर भावाने बहिणीशी आठवडाभर अबोला धरला. त्याचं म्हणणं साधं होतं. देवाने आकाशात दिवे टांगले ते उजेडासाठी आणि दिवस-महिने कळावेत म्हणून. दिव्याखाली बसून वाचावं, शिवावं, जेवावं. "माझ्या पोरीचं लग्न कधी होईल, असं कुणी दिव्याला विचारतं का?"

त्याच्याशी वाद घालायला मास्तर यायचे. मास्तर ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेले, दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवणारे. दुपारी मामाच्या दुकानात चहा प्यायचा आणि मामाला डिवचायचं, हा त्यांचा नेम.

"तुम्ही लग्नात, बारशात एकमेकांचं अभिनंदन करता, त्या शब्दांचा मूळ अर्थ काय हो? तारा चांगला निघो!" मास्तर म्हणायचे. "आणि तुमच्या जुन्या प्रार्थनागृहांच्या फरशीवर बारा राशी काढलेल्या असायच्या. चित्रं पाहिलीत मी."

"फरशीवरच ना?" मामा चष्म्याची काच पुसत म्हणायचा. "पाय द्यायला काढल्या असतील. तुमचं काय? तुमच्या देवाच्या पाळण्याशी सगळ्यांत आधी तीन ज्योतिषी हजर!"

"तारा बघून वाट काढत आले होते बिचारे."

"आणि पोचले कुठे? राजवाड्यात! नको त्या राजाच्या दारात. शेवटी धर्मग्रंथ वाचणाऱ्यांना पत्ता विचारावा लागला. ज्योतिषीच ते, दुसरं काय होणार?"

मास्तर हसता हसता चहा सांडायचे. "चर्चच्या पाळकांसमोर हे बोलू नका," म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी हेच मुलांना ऐकवायचे. ताऱ्याने बोलावलं, पण पत्ता शास्त्रवचनाने दिला, असा त्याचा छान धडा करून.

मामाला एकच मुलगी. लहानपणापासून इतके प्रश्न विचारायची की आम्ही तिचं नाव शंका पाडलं होतं. मामी ती लहान असतानाच गेली. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि मामी बहिणीकडे पोचलीच नाही. त्यानंतर मामा शंकाला खांद्यावर बसवून गच्चीवर न्यायला लागला. एक, दोन, तीन. तीन झाले की ती विचारायची, चौथा कुठे असतो? तो का लुकलुकतो? हा का लुकलुकत नाही? मामाला येईल तेवढं त्याने सांगितलं. बाकीचं शिकायला ती मोठ्या शहरात गेली आणि खगोलशास्त्रातली पदवी घेऊन आली. मामाचा आनंद नुसता ओसंडून वाहत होता. गिऱ्हाईक चष्म्याच्या नंबराबद्दल विचारायचं आणि हा त्याला मुलीचे गुण सांगायचा.

मग तिला डोंगरापलीकडच्या वेधशाळेतून बोलावणं आलं. जागा एक, उमेदवार दोघे. वेधशाळेचे प्रमुख रविवारी सकाळी स्वतः भेटणार आणि त्याच दुपारी परदेशी जाणार होते. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर आमच्याच रस्त्याच्या टोकावरून एक बस सुटायची, ती पहाटे तिथे पोचवायची. दुसरी बस थेट सकाळची, म्हणजे निरुपयोगी. शंकाने तिकीट काढलं, बॅग भरली. मामा हसला, डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली.

तो रस्ता मामीचा रस्ता होता.

मुलीला सांगता आलं असतं, की पोरी, मला भीती वाटते. पण मामीच्या वेळी त्याने देवाला सगळं सांगून पाहिलं होतं आणि तेव्हापासून भीती बोलून दाखवायची त्याची सवयच मोडली होती. मग त्याने जे केलं ते माझ्या मामाने करावं, हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. तो ज्योतिषीबाईकडे गेला.

बाईचं ऑफिस ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात माशांची पेटी, खालून येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास. दार ढकलून मामा आत शिरला, तर समोरच्या खुर्चीवर मास्तर.

"पंखा बघायला आलो होतो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "बाईंचा पंखा आवाज करतो." मास्तरांना आयुष्यात कधी बल्ब बदलता आला नव्हता.

"मी चष्मा द्यायला," मामा म्हणाला. त्याच्या हातात चष्मा नव्हता.

मग दोघं शेजारीशेजारी बसून मासे बघत राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मास्तर कशासाठी आले होते ते मामाने कधी विचारलं नाही. मास्तरांच्या घरातही काळजी करण्यासारखं बरंच होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मात्र त्या दिवसापासून दुकानातले वाद बंद पडले. मास्तर यायचे, चहा प्यायचे आणि पावसापाण्याचं बोलून जायचे.

बाईने मुलीच्या जन्माची वेळ विचारली, कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं आणि कागद छापून दिला. शनिवारी सूर्य मावळल्यावर शनीचा अंमल कडक आहे, म्हणाली. डोंगराकडचा प्रवास टाळा. रविवार उजाडल्यावर हरकत नाही. मामाने कागद तिथेच चुरगळला, जिना उतरताना स्वतःला शिव्या घातल्या, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य उरलं. शनिवार, सूर्य मावळल्यावर.

तो शनिवार मला लख्ख आठवतो. आकाश स्वच्छ होतं, थोडंसं धुरकट असेल तर असेल. शंका बॅग खाली दाराशी ठेवून गच्चीवर वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. तिथून मला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि मध्ये आकाशाची एक पट्टी. खाली मंडळींची चुळबुळ सुरू झाली होती. अध्यक्ष आजोबांनी, म्हणजे आमच्या सिनेगॉगच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने, विचारलं, "दुर्बीण, दिसलं का?"

"दोन," मामा म्हणाला.

थोडा वेळ गेला. "आता?"

"दोनच."

खिडकीशी बसलेलं कुणीतरी ओरडलं, "अहो, तिसरा मला इथून दिसतोय! टाकीच्या वर!"

मामा जरा थांबला. मग म्हणाला, "तो शनी आहे. ग्रह धरत नाहीत."

खाली कुजबुज झाली. लेकीची बस सुटायला आली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबा जिन्याच्या तोंडाशी आले आणि त्यांनी वर हाक दिली, "पोरी, तू शिकलेली आहेस. शनी आहे का तो?"

शंका आधी टाकीच्या वर बघत होती. मग तिने वडिलांकडे बघितलं. मामाने मान वळवली नाही.

"हो आजोबा," ती म्हणाली. "शनी आहे."

मेणबत्ती हातात धरून मीही बाकीच्यांसारखी तिसऱ्याची वाट बघत राहिले, मला काय कळणार? बाकीचे धुरात आहेत, असं मामा मध्येच म्हणाला. काही वेळाने रस्त्याच्या टोकाकडून बसचा हॉर्न आला आणि मग बस जातानाचा घरघराट. तो पार विरल्यावर मामाने हाक दिली, "दिसले." नेहमीसारखा आवाज फुटला नाही. शंका खाली आली, बॅग उचलली आणि म्हणाली, "जाऊ दे. सकाळच्या गाडीने जाऊन बघते."

ती गेली. प्रमुख निघून गेले होते, जागा दुसऱ्याला मिळाली होती.

आणि त्याच सकाळी मामा बसस्टँडवर गेला. त्याने खिडकीवरच्या माणसाला विचारलं, काल संध्याकाळची डोंगराकडची गाडी?

"पोचली की," तो माणूस म्हणाला. "आज तर वेळेच्या आधी."

हे सगळं काल मला सांगताना मामाने हातातला चष्मा खाली ठेवला होता. म्हणाला, "तुला खरं सांगू? पोचली म्हटल्यावर मला वाईट वाटलं. गाडीभर माणसं सुखरूप घरी गेली आणि मला वाईट वाटलं. म्हणजे मी तिथे काय ऐकायला गेलो होतो, बघ." तो स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला होता, दुकान न उघडता.

इथवरचं पाप एखाद्याने मनात ठेवून कसंबसं पचवलं असतं. पण आमची माणसं गुणग्राहक! गावात बातमी पसरली ती अशी, की दुर्बिणीने पोटच्या पोरीची बस जाऊ दिली, नोकरी जाऊ दिली, पण तिसरा तारा दिसल्याशिवाय हाक दिली नाही. आजोबांचे डोळे भरून आले. सभा ठरली, मानचिन्ह आलं, शाल आली. पाहुणे म्हणून चर्चचे पाळकही आले, आणि मागच्या रांगेत मास्तर, मान खाली घालून.

मामाने बोलायचं ठरवलं होतं. तो उभा राहिला, म्हणाला, "त्या दिवशी मी..." आणि त्याचा घसा बंद झाला. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती शंकाने, आणि मग हॉल दणाणला. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात लोक. तो खरंच पायाखालच्या फरशीकडे बघत होता.

त्याने तारे बघायचं काम सोडायचा प्रयत्न केला. मी लायक नाही, असं आजोबांना सांगितलं. आजोबांनी त्याला मिठी मारली आणि असा नम्र माणूस शोधून सापडायचा नाही म्हणून चार जणांना सांगितलं. मग तो मुकाट्याने गच्चीवर जात राहिला. मास्तर एवढंच एकदा म्हणाले, "तारा बघून आलेल्या त्या तिघांचं बरं होतं हो. राजवाड्यातून निघून ते पुढे तरी गेले."

शंकाने बरीच वर्षं शाळेत मुलांना भूगोल शिकवला. नंतर तिला एका दूरच्या लहानशा वेधशाळेत जागा मिळाली, मनाजोगी नव्हे पण आकाशाजवळची. तिने त्या संध्याकाळचा विषय कधी काढला नाही. सुट्टीत घरी आली की दुकानात बसायची आणि मानचिन्हावरच्या कोटाकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं. ती कुठेही बघत असली तरी ती तिकडेच बघते आहे, असं मामाला वाटायचं.

आणि मग मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. चष्मेवाल्याला ते डॉक्टरच्या आधी कळलं, पण तो ऑपरेशन करून घेईना. आई भांडली, मी भांडले. "मला एवढं पुरे," म्हणायचा. ती शिक्षा होती, हे आम्हाला काय ठाऊक! दर शनिवारी तो अंदाजाने "दिसले" म्हणायचा, छापील वेळ चोरून बघून.

परवाच्या शनिवारी शंका आली होती. कितीतरी दिवसांनी ती मामाबरोबर गच्चीवर गेली. मी माझ्या पायरीवर, हातात मेणबत्ती.

"पोरी," मामा म्हणाला, "मला काही दिसत नाही गं. खरंच दिसत नाही."

"माहीत आहे मला. तुम्ही भलतीकडेच बघताय."

"तू सांग. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पप्पा, त्या महिन्यात शनी पहाटे उगवत होता."

मामा कठड्याला धरून उभा राहिला.

"मग तू हो का म्हणालीस?"

"खाली सगळे उभे होते ना. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडू?" ती म्हणाली. "आणि मला वाटलं, तुम्हाला मला जाऊ द्यायचं नाहीये. आई गेल्यावर घरात दुसरं कोण होतं? मला राग आला होता, खूप आला होता. पण मी म्हटलं, माणूस एकटं पडायला घाबरतं. त्यासाठी एक खोटं बोललं तर बोललं."

मामाने गप्प बसायला हवं होतं. तिने त्याला वाचवलं होतं, आणि तेही किती मायेने. तो काहीतरी बोलणार हे दिसताच मी जिन्यात मनातल्या मनात ओरडले, मामा, गप्प बस! पण इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य नेमकं तेव्हाच सुटलं.

"तसं नव्हतं गं," तो म्हणाला. "मी ज्योतिषीबाईकडे गेलो होतो. शनिवारी शनी वाईट आहे, असं ती म्हणाली."

शंका त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला काहीतरी नीट ऐकूच आलं नसावं तसं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

मामाने होकारार्थी मान हलवली.

खालून कुणीतरी विचारलं, "दुर्बीण, दिसलं का?"

मामाने तिच्याकडे मान वळवली. शंकाने वर बघितलं, लहानपणी त्याच्या खांद्यावरून मोजायची तशी ओठांतल्या ओठांत मोजलं आणि हाक दिली, "दिसले! तिन्ही तारे आहेत!"

मी काडी ओढली. ती माझ्या शेजारून तरातरा खाली गेली. अर्ध्या जिन्यात थांबली. वर मामा अजून कठड्याशीच होता, पायाने पहिली पायरी चाचपत. ती परत वर गेली आणि त्याचा दंड धरला.